टायरपुढची रेघ

भानुमती दाबके दूध नाकाशी नेल्याशिवाय पातेल्यात ओतून घेत नसे. भाजीवाल्यानं तोलून दिलेली भेंडी घरी आली की पुन्हा तिच्या स्वतःच्या काट्यावर चढायची. सिलिंडरवाल्याला ती आधी सील दाखवायला लावायची, आणि सील शाबूत असलं तर ते इतकं शाबूत कसं, म्हणून पुन्हा वाकून बघायची. बाई वाईट नव्हती हं, मुळीच नाही! वरच्या मजल्यावरच्या अहुजाबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या घरी डबा हिनंच पोचवला. फक्त डबा परत आला की झाकण आपलंच आहे ना, एवढं बघून घेतलं. आता एखाद्याचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

पेट्रोल पंपावर तर तिची ख्यातीच होती. गाडी पंपाशी लागली की नवरा, म्हणजे श्रीपादराव, स्टिअरिंगला धरून आत बसून राहत आणि भानुमती खाली उतरून मशीनसमोर ठाण मांडायची. पंपावरची माणसं सगळ्यांनाच "झिरो देख लीजिए" म्हणतात. हिला म्हणावं लागत नसे. आकडा शून्यावर आलेला दिसला तरी ती तो थोडा वेळ बघत राहायची, न जाणो, मध्येच उडी मारेल! पंपावर तिला ‘झिरोवाली मॅडम’ म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

तिचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी "सहज आलो" म्हणालं, "सहज विचारलं" म्हणालं, की भानुमती मान तिरपी करून म्हणायची, "सहज कसं?" लेक मृणाल कॉलेजात होती, दिल्लीतच वाढलेली. ती वैतागून म्हणायची, "आई यार, तू इतकी शक्की का आहेस? लोक करतात ना सहज काहीतरी!" "मला नाही दिसली अशी माणसं," भानुमती म्हणायची.

लग्न होऊन पुण्याहून ती दिल्लीत आली, आर. के. पुरमच्या सरकारी ऑफिसात लागली, आणि तिच्या नावावर सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालं. दोन खोल्यांचं, पुढे पेरूचं झाड, बाजार हाकेच्या अंतरावर, बस तर दारातच. तिथं सुखात होती हो बाई! पण नव्वद सालानंतर वारं फिरलं. श्रीपादरावांच्या खासगी कंपनीत पगार वाढले, बँका बोलावून बोलावून कर्ज द्यायला लागल्या, आणि रविवारच्या पेपरात गुडगावच्या फ्लॅटांच्या पानपानभर जाहिराती यायला लागल्या. श्रीपादरावांच्या डोक्यात ते भूत शिरलं. आपला फ्लॅट, आपली मारुती! भानुमतीनं परोपरीनं सांगून पाहिलं. बिल्डर चोर असणार, पाणी येणार नाही, बस मिळणार नाही. निम्मं खरं निघालं, ते जाऊ द्या. पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून एके दिवशी तिनं आपल्या हातानं क्वार्टरची किल्ली परत केली.

त्या किल्लीचं तिच्या मनात राहिलं होतं. पेरूचं झाड गेलं, दारातली बस गेली. माहेरचं कुणी दिल्लीत नाही, पुण्यात आता भावजयीचं राज्य. सगळं सोडून ती एका माणसाच्या शब्दावर या धुळीच्या गावात आली होती. हा माणूस खोटा निघाला तर आपण कुठं जायचं, हा प्रश्न तिनं कधी मोठ्यानं विचारला नाही, पण तो तिच्याजवळ असायचाच.

आणि मग पेट्रोल वाढलं. दोन हजार सालची ही गोष्ट. वाढणार अशी कुणकुण लागली त्या संध्याकाळी पंपावर ही रांग! सगळं गुडगाव टाकी भरून घ्यायला आलेलं, जणू ती टाकी जन्मभर पुरणार होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळे शहाणे झाले. कुणी सायकल पुसून काढली, कुणी चौघांत एक गाडी न्यायचं ठरवलं, दिल्लीच्या हद्दीत स्वस्त पडतं की हरियाणात यावर जिन्यात परिषदा भरल्या. आठवडाभर पार्किंगमध्ये गाड्या कव्हरं पांघरून झोपल्या होत्या. पुढच्या आठवड्यात एकेक कव्हर निघायला लागलं आणि महिना संपायच्या आत सगळ्या गाड्या पुन्हा रस्त्यावर. करतील काय बिचारे? मेट्रो तेव्हा कुठली, बस धड नाही, रिक्षावाला दिल्लीचं नाव काढलं की तोंड फिरवतो. भाव वाढला म्हणून माणसाचं ऑफिस थोडंच घराजवळ येतं! शिव्या देत सगळे पेट्रोल भरत होते.

दाबक्यांच्या घरी मात्र हुकूम सुटला होता आणि तो भानुमतीचा होता. गाडी फक्त रविवारी. ती स्वतः चार्टर्ड बसनं जायला लागली. ही बस ऑफिसवाल्यांनी मिळून ठरवलेली, जागा ज्याची त्याची पक्की, सकाळी लवकर निघणारी आणि संध्याकाळी गावभर माणसं सोडत उशिरा पोचणारी. श्रीपादरावांचं ऑफिस कनॉट प्लेसला, उशिरा भरणारं. ते म्हणाले, "मी रोडवेजची बस पकडीन, मग दिल्लीतली बस. बिल्कुल प्रॉब्लेम नाही." इतकं पटकन म्हणाले की तिथंच भानुमतीच्या मनात पाल चुकचुकली. ज्या गाडीसाठी माणसानं आपल्याकडून क्वार्टर सोडवलं, ती गाडी हा एका वाक्यात सोडतो?

मग ती बघायला लागली. दोन बस बदलून येणारा नवरा हल्ली तिच्या आधी घरी पोचलेला असायचा, आणि बसचे धक्के खाऊन आलेल्या माणसासारखा दमलेला नसायचा. उलट गुणगुणत असायचा! शनिवारी ऑफिसला जाताना दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, आणि यायला उशीर. एका संध्याकाळी घरी येताना तिनं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट कोमट. ऊन लागलं असेल, तिनं स्वतःला समजावलं, आणि वर बघितलं तर त्या कोपऱ्यात ऊन येतच नव्हतं. रविवारी बाजारात जाताना मागच्या सीटच्या फटीत तिला शेंगांची टरफलं सापडली, आणि त्यांच्या खाली केसांची एक पिन. निळी, चकाकणारी. तिची नव्हती. मृणालला दाखवली तर मृणाल म्हणाली, "छी, माझी नाहीये ही. किती चीप आहे!"

ती पिन भानुमतीनं साडीच्या निरीत खोचली आणि नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. एरवी झाकणासाठी चौकशी करणारी बाई, पण हे विचारायला तिची जीभ उचलेना. उत्तर खरं आलं तर?

विचारायचं नाही, पकडायचं, असं तिनं ठरवलं. पुण्याच्या सवयीनं ती रोज सकाळी दारात रांगोळीची चार बोटं ओढायची. दुसऱ्या दिवसापासून खाली उतरताना ती रांगोळीची चिमूट मुठीत घेऊन जायला लागली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गाडीच्या पुढच्या टायरला अगदी चिकटून जमिनीवर एक बारीक पांढरी रेघ ओढायची. गाडी हलली की रेघ मोडणार. साधा हिशेब.

पहिल्या संध्याकाळी रेघ जागेवर होती. भानुमतीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या संध्याकाळीही होती. तिला स्वतःचीच लाज वाटली, त्या रात्री तिनं श्रीपादरावांना आवडते म्हणून थालीपिठं लावली. तिसऱ्या दिवशी मृणाल कॉलेजातून वर आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, आपल्या गाडीखाली मुंग्यांची केवढी लाइन लागलीये, बघ ना जाऊन."

भानुमती तशीच उठून खाली गेली. टायरपुढं रेघ होती, आणि रेघेला मुंग्या लागल्या होत्या. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. दगड खायला मुंग्या कधीपासून यायला लागल्या? ती खाली वाकली, रेघेला बोट लावलं, बोट जिभेवर टेकवलं. कणीक होती! आता नीट बघितल्यावर तिला दिसलं की रेघही तिची नव्हे. तिची सुतासारखी असायची. ही एका ठिकाणी जाड, एका ठिकाणी बारीक, आणि शेवटी हात झटकल्याची खूण. ज्या माणसाला आयुष्यात चिमटीतून मीठ घालायला जमलं नाही, त्यानं ओढलेली रेघ होती ती. म्हणजे श्रीपादरावांनी रेघ बघितली होती, गाडी काढली होती, आणि आणून लावल्यावर, घरात रांगोळीचा डबा सापडेना म्हणून, कणकेच्या डब्यात हात घातला होता.

गाडी नेली याचं तिला तितकंसं वाटलं नाही. पण मुद्दाम वाकून, आपल्याला फसवण्यासाठी बसून रेघ ओढली! ती तिथंच पार्किंगच्या कठड्यावर बसली आणि ढसढसा रडली. मग पदरानं तोंड पुसून वर गेली आणि कणीक चाळून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी चार्टर्डमध्ये बसली आणि पुढच्याच स्टॉपला उतरली. तो दिल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा मोठा चौक होता. तिथं सकाळी ही गर्दी असायची. बस न मिळालेली माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहत आणि येणाऱ्या खासगी गाड्यांना हात करत. पेट्रोल वाढल्यापासून चांगले टायवाले लोकही चार पैसे घेऊन अनोळखी माणसं गाडीत घेत, हे भानुमतीनं ऐकलं होतं आणि ‘काय एकेक चोर असतात’ म्हणून सोडून दिलं होतं. तिनं धुळीसाठी बायका गुंडाळतात तशी मृणालची ओढणी तोंडाला गुंडाळली, काळा चष्मा लावला आणि गर्दीत उभी राहिली. आपली गाडी इथूनच जाणार. शेजारच्या सीटवर कोण बसलंय तेवढं बघायचं होतं.

गाडी आली. पांढरी मारुती, नंबर तिचाच. शेजारच्या सीटवर बाई नव्हती, एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. आणि गाडी पुढं न जाता भानुमतीच्या समोरच येऊन थांबली. काच खाली झाली आणि तिच्या नवऱ्यानं, सोसायटीच्या सभेतही ज्याचा आवाज कधी निघाला नाही त्या श्रीपाद दाबक्यांनी, रस्त्याकडे बघत खणखणीत आवाजात हाळी दिली, "धौला कुआं! धौला कुआं! चलो, दो सवारी!"

मागून लोटालोटी झाली. काय होतंय हे कळायच्या आत भानुमती मागच्या सीटवर मध्ये ढकलली गेली, तिच्या मागून एक माणूस घुसला आणि त्यानं दार लावून घेतलं. उजव्या बाजूला, खिडकीशी, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी शेंगा सोलत होती. तिच्या केसांत एकच निळी पिन होती, चकाकणारी. गाडी निघालीसुद्धा.

"दाबकेजी," पुढचे टकलू गृहस्थ म्हणाले, "कल झिरोवाली मॅडम का किस्सा आधा रह गया."

"अच्छा, कहाँ तक आए थे, भाटियाजी?"

"पानिपत!" नर्स मागून ओरडली.

श्रीपादरावांनी गोष्ट पुढं सुरू केली. संक्रांतीला मराठी मंडळी पानिपतजवळ काला अंब इथं जातात, पानिपताच्या लढाईत पडलेल्यांना हात जोडायला. यंदा हे दोघं आपल्या गाडीनं गेले होते. परत येताना पंपावर बायको उतरली आणि म्हणाली, पाच लिटरच्या मापात मोजून दाखवा. पंपवाल्यानं बिचाऱ्यानं माप आणलं, पेट्रोल ओतलं, काठोकाठ बरोबर भरलं. "मैंने सोचा, चलो, अब तो मानेगी. मॅडम ने माप को घुमाकर देखा और बोली, माप ही झूठा है!"

सगळी गाडी हसली. भाटियाजी तर डॅशबोर्डवर थापा मारत होते. आणि श्रीपादराव हसत होते! मान मागं टाकून, खांदे हलवत. भानुमतीला आठवेना, असं ते घरी शेवटचं कधी हसले होते. ओढणीच्या आत तिचा चेहरा तापला होता. थट्टा झाल्याचा राग तर होताच, पण ते हसू परक्यांच्या वाट्याला गेल्याचं जास्त लागलं होतं.

"पर एक बात है," हसू ओसरल्यावर श्रीपादराव म्हणाले, "उसके होते हुए मुझे आज तक किसी ने ठगा नहीं. बाहर के सारे चोर उसने पकड़ लिए." ते थोडे थांबले. "अब घर में मैं ही बचा हूँ."

नर्सनं शेंगांचा पुडा पुढं केला आणि भाटियाजींनी मूठभर घेतल्या.

दिल्लीत शिरल्या शिरल्या लागणाऱ्या धौला कुआंला सगळे उतरले. भानुमती शेवटी उतरली. उतरून तिनं दार लावलं, हँडल ओढून बघितलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. हे ती गाडी आली त्या दिवसापासून करत होती, तिला कळतही नसे. श्रीपादरावांची मान ताठ झाली. ते सावकाश मागं वळले.

"भानू?" ते म्हणाले.

मागून बसनं हॉर्न मारला, पोलिसानं शिट्टी फुंकली आणि गाडीला पुढं जावं लागलं.

दिवसभर ऑफिसात भानुमतीनं प्रश्न जुळवून ठेवले होते. संध्याकाळी नवरा समोर येऊन बसला तेव्हा त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. "हसत होता तुम्ही," ती म्हणाली.

"अगं, सांगणार होतो."

"कणकेची रेघ ओढायच्या आधी की नंतर?"

श्रीपादरावांनी मान खाली घातली. "पहिले काही दिवस बसनंच गेलो गं, खरंच. एक दिवस बस आली नाही, म्हणून गाडी काढली. चौकाच्या अलीकडे भाटिया उभे होते, त्यांना घेतलं. म्हटलं, पेट्रोलला तेवढाच हातभार. दुसऱ्या दिवशी ते वाट बघत उभे. मग ती नर्स यायला लागली."

"आणि शनिवार? शनिवारी ऑफिस असतं तरी का तुमचं?"

"नसतं. बंद झालं केव्हाच. भाटियांची बँक असते."

"काय सांगता! पेट्रोल महागलं म्हणून गाडी बंद केली आपण. आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या बँकेसाठी गाडी काढता? आधी काढत होता त्यापेक्षा जास्त?"

"जास्तच," श्रीपादराव म्हणाले. "वेडेपणा आहे, कळतं मला. पण गाडीत मी बोलतो आणि ते नुसतं ऐकतात गं. घरी मी तोंड उघडलं की तुझा पुढचा प्रश्न तयार असतो. मला आता घरी खरं बोलतानासुद्धा चोरट्यासारखं वाटतं, भानू."

भानुमतीला आधी संताप आला. मग पार्किंगमध्ये वाकून रेघ ओढणारी ती दोन माणसं तिच्या डोळ्यांपुढं आली, सकाळी ती आणि संध्याकाळी तो, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "उद्यापासून मी पण येते गाडीनं," ती म्हणाली. "लपवाछपवी नको. चलो, ठरलं."

आणि ती गेली. भाटियाजींनी "नमस्ते भाभीजी" म्हणत पुढची सीट रिकामी केली आणि मागं जाऊन बसले. नर्सनं शेंगांचा पुडा पर्समध्ये घातला. गाडी निघाली, आणि कुणी बोलेना. किती वेळ नुसता इंजिनाचा आवाज! काहीतरी बोलायला हवं म्हणून भानुमती मागं वळून भाटियाजींना म्हणाली, "आपका बँक कौन सा?" त्यांनी सांगितलं. "शनिवार को कितने बजे तक होता है?" त्यांनी तेही सांगितलं, जरा चाचरत. "फिर शाम को इतनी देर क्यों लगती है?" ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू गेलं. भाटियाजी खिडकीबाहेर बघायला लागले. श्रीपादराव समोर बघून गाडी चालवत होते. धौला कुआं येईपर्यंत एकही किस्सा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पर्स उचलली. "मी आपली चार्टर्डनंच जाते हो. माझी सीट रिकामी जाते तिथं. तुम्ही गाडी न्या." त्या दिवशी ती हातात रांगोळी न घेता खाली उतरली. निळी पिन तिनं डॅशबोर्डवर ठेवून दिली, जिची तिला मिळावी म्हणून.

संध्याकाळी बॉनेट गरम होतं. तिनं हात ठेवला आणि काढून घेतला. जेवायला बसल्यावर श्रीपादरावांना भाजी वाढताना तिला मनापासून वाटलं, आपणही ऐकावं. नुसतं ऐकावं, मध्ये काही विचारू नये. आज गाडी कशावर हसली असेल?

"आज कुठला किस्सा झाला हो गाडीत?" तिनं विचारलं.

श्रीपादरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मृणालकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती नजर भानुमतीच्या ओळखीची होती. आकडा शून्यावर दिसला तरी आणखी थोडा वेळ बघत राहणारी.

"का गं? कुणी काही म्हणालं का?"

"नाही हो." तिनं पळी भाजीत ठेवली. "सहज विचारलं."

श्रीपादरावांनी मान जराशी तिरपी केली.

"सहज कसं?" ते म्हणाले.